बेटी डेव्हिस आधी कोण? गीतकार, की माइल्सची बायको?

निषादप्रिय

फंक, म्हणजे ठोकेबाज बेस-ड्रम्सच्या तालावर उभं असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत, ऐकणाऱ्यांपुढे गायिका बेटी डेव्हिसचं नाव काढा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: जाझवाल्या माइल्स डेव्हिसची बायको. दुसरंही ठरलेलंच: काळाच्या पुढे होती बिचारी. ही दोन्ही वाक्यं मला खोडायची आहेत, म्हणून हा धागा.

आधी तारखा बघू. बेटी मेब्री १९४४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला जन्मली. पुढे बिऱ्हाड पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडला गेलं. वडील तिथे पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. पहिलं गाणं लिहिलं तेव्हा ती १२ वर्षांची होती. शाळा संपल्यावर न्यूयॉर्क गाठलं, फॅशनचं शिक्षण घेतलं, मॉडेल म्हणून नाव मिळवलं. १९६७ मध्ये चेंबर्स ब्रदर्स या बँडनं तिचं 'अपटाउन' हे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीवरचं गाणं रेकॉर्ड केलं. माइल्सशी लग्न झालं सप्टेंबर १९६८ मध्ये. म्हणजे लग्नाच्या मांडवात ती आली तीच गीतकार म्हणून. ते लग्न जेमतेम वर्षभर टिकलं. माइल्सच्या हिंसक स्वभावामुळे आपण बाहेर पडलो, हे तिनं पुढे स्वतः सांगितलं आहे.

तिची खरी कारकीर्द यानंतरची आहे. १९७३, १९७४ आणि १९७५ अशी ओळीनं तीन वर्षं तीन अल्बम आले. पहिल्याचा निर्माता स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडचा ड्रमर ग्रेग एरिको होता. दुसऱ्यापासून निर्मातीही तीच. अमेरिकेत त्या काळी स्वतः लिहिणारी, स्वतः गाणारी, स्वतः निर्मिती करणारी आणि बँडलाही स्वतःच हुकूम देणारी कृष्णवर्णीय बाई शोधायला गेलात तर हाताची बोटंसुद्धा पुरी मोजावी लागणार नाहीत.

माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीचा कणा एकच, तो म्हणजे मालकी. कॉमोडोर्स हा बँड नवखा होता तेव्हा तिनं त्यांच्यासाठी गाणी लिहिली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला ती आवडली आणि तिलाही बोलावणं आलं. गाण्यांचे प्रकाशनहक्क सोडावे लागणार म्हटल्यावर तिनं नकार दिला. रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन तिच्या रेकॉर्डची निर्मिती करायला तयार होता, त्यालाही तिनं नाही म्हटलं. गाणं माझं, तर त्यावर शेवटचा शब्दही माझा, असं ती वागली आणि त्याची किंमतही मोजली. तिच्याबद्दल बोलायचं तर इथून सुरुवात करावी.

जुनी_तबकडी

कळकळ पोचली, पण मुद्दा पटला नाही.

तीनपैकी एकही अल्बम अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या मुख्य यादीत पहिल्या दोनशेत आला नाही. पहिल्या अल्बममधलं एकच गाणं आर अँड बी (कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीत) यादीत खालच्या पायऱ्यांवर दिसलं आणि उतरलं. मग आपण म्हणतो की समाज कर्मठ होता, बिनधास्त बाई त्याला सोसली नाही. पण त्याच काळाकडे नीट बघा. लाबेलचं 'लेडी मार्मलेड' १९७४ मध्ये आलं आणि १९७५ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. न्यू ऑर्लीन्समधल्या एका वेश्येवरचं गाणं, तीन कृष्णवर्णीय बायका गाताहेत आणि अख्खी अमेरिका नाचते आहे. मिली जॅक्सनचं १९७४ चं 'कॉट अप' घ्या. पहिल्या बाजूला विवाहित पुरुषाबरोबर राहणारी बाई बोलते, उलटलं की त्याची बायको. तोही अल्बम दणकून खपला. तेव्हा 'बाई होती, मोकळेपणानं बोलली, म्हणून बुडवली' हे स्पष्टीकरण अपुरं आहे.

खरं कारण आवाज. चाका खान, पॅटी लाबेल, अरीथा फ्रँकलिन अशा दमदार गायिकांच्या काळात बेटी गाते ती अर्धी घशातून, अर्धी ओरडून. सूर लांबवता येत नाही. लोकांनी तुलना केली आणि बाजूला ठेवली. यात अन्याय कुठला?

उत्तरा_क

'लेडी मार्मलेड'चं उदाहरण फार चांगलं आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. ते गाणं लिहिलं बॉब क्रू आणि केनी नोलन या दोन पुरुषांनी. निर्माता ॲलन टूसाँ. आणि गाण्यातली बाई 'ती' आहे. तिची गोष्ट सांगणारा आवाज बाहेरचा आहे, ऐकणारा पुरुष सुरक्षित अंतरावर उभा राहून मजा घेऊ शकतो.

बेटीचं 'इफ आय'म इन लक आय माइट गेट पिक्ड अप' ऐका. तिथे 'मी' आहे. मी सजून निघाले आहे, मी शोधते आहे, मला काय हवं ते मला ठाऊक आहे. आणि या गाण्यात शेवटपर्यंत पश्चात्ताप नाही, शिक्षा नाही, की प्रेमाचं पांघरूण नाही. मिली जॅक्सनच्या गोष्टीत निदान एक घर मोडत असतं, नैतिक हिशेब चालू असतो. बेटीनं तो हिशेबच मांडला नाही. रेडिओवाल्यांना अडचण झाली ती तिथे.

बेसवाला

आवाजाबद्दल बोलतो, कारण वाद्य वाजवणाऱ्याला ती वेगळी ऐकू येते.

पहिल्या अल्बमवर कोण कोण आहे बघा. बेसवर लॅरी ग्रॅहम. अंगठ्यानं तार ठोकून वाजवायची शैली ज्याच्या नावानं ओळखली जाते तो माणूस. आई पियानो वाजवत गायची, साथीला ड्रमर नव्हता, म्हणून यानं बेसवरच ड्रमचे ठोके काढायला सुरुवात केली. ड्रम्सवर एरिको. गिटारवर नील शॉन, जो पुढे जर्नी या रॉक बँडमध्ये गेला. मागच्या आवाजात पॉइंटर सिस्टर्स आणि सिल्व्हेस्टर, ब्रासला (ट्रम्पेटसारख्या वाद्यांना) टॉवर ऑफ पॉवर बँडची मंडळी. या गर्दीत लांब, गोल, चर्चमध्ये घोटलेला सूर लावला असता तर तो तरंगत वर निघून गेला असता आणि खालचा ताल वेगळा पडला असता. बेटी आवाज तालात ठोकते. शब्द तोडते, खरवडते, ओळ संपायच्या आत सोडून देते. स्नेअर ड्रमचा ठोका आणि तिचा 'क' एकाच क्षणी पडतात, हे हेडफोन लावून ऐका.

ती वाद्य वाजवत नव्हती. डोक्यात तयार असलेल्या ओळी गुणगुणून ती वादकांना सांगायची: बेस असा, गिटार इथे अशी. म्हणून तिच्या रेकॉर्डवर गाणं आणि साथ असे दोन थर वाटत नाहीत. सगळं एकाच डोक्यातून निघाल्यासारखं लागतं. फंकचा बादशहा जेम्स ब्राउन हेच करायचा तेव्हा त्याला कुणी 'सूर लांबवता येत नाही' म्हणून बाजूला ठेवलं नाही.

जुनी_तबकडी

बेसवाला, जेम्स ब्राउनची तुलना टिकत नाही. 'प्लीज, प्लीज, प्लीज' ऐका, 'इट्स अ मॅन्स मॅन्स मॅन्स वर्ल्ड' ऐका. तो माणूस हवं तेव्हा गाऊन दाखवायचा आणि मग ओरडायचा. बेटीकडे हा दुसरा पर्याय नव्हता. १९७५ च्या अल्बममध्ये 'यू अँड आय' हे संथ गाणं आहे. माइल्सबरोबर मिळून लिहिलेलं, साज गिल इव्हान्सचा. इतकं सुंदर अंथरूण मिळूनही तिचा आवाज तिथे उघडा पडतो.

बेसवाला

आणि मला ते तिचं सगळ्यात धीट गाणं वाटतं, नेमकं ती तिथे लपत नाही म्हणून. इथे आपली आवड वेगळी आहे. राहू दे.

सदाशिव_न्यूजर्सी

उत्तराताई, रेडिओवाल्यांच्या अडचणीचा विषय निघालाच आहे तर बेटीवरच्या बहिष्काराची दुसरी बाजूही लिहितो. बहुतेक लेखांत ती दोन ओळींत उडवून लावतात.

एनएएसीपी ही १९०९ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था. तिनं बेटीच्या गाण्यावर आक्षेप घेतला, काही रेडिओ केंद्रांनी गाणी थांबवली. आज वाचताना ते सोवळेपण वाटतं. पण गुलामगिरीपासून कृष्णवर्णीय स्त्रीवर कसला शिक्का मारला गेला ते आठवा. तिला कामातुर ठरवायचं, म्हणजे तिच्यावर केलेला अत्याचार अत्याचारच राहत नाही. दोनशे वर्षं हा युक्तिवाद न्यायालयापासून घरापर्यंत चालला. त्या शिक्क्याविरुद्ध पिढ्यान्पिढ्या बायकांनी चर्चमध्ये, शाळांत, महिला मंडळांत एक प्रतिष्ठित प्रतिमा कष्टानं उभी केली. आणि १९७२ चा संदर्भ घ्या. तेव्हाच्या स्वस्त, मारधाडीच्या 'ब्लॅक्सप्लॉइटेशन' चित्रपटांविरुद्ध हीच संस्था इतरांबरोबर रस्त्यावर उतरली होती. दलाल, वेश्या, अमली पदार्थ विकणारे, एवढंच आमच्या माणसांचं चित्र तुम्ही विकणार का, असा त्यांचा सवाल होता. वर्षभरात बेटीची रेकॉर्ड आली, मुखपृष्ठावर मांडीपर्यंतचे रुपेरी बूट आणि तोकडी चड्डी. त्यांना तीही त्याच रांगेतली वाटली. मी त्यांच्या निर्णयाशी सहमत नाही, पण ती भीती पोकळ नव्हती.

उत्तरा_क

सदाशिवराव, भीती खरी होती हे मान्य. पण त्या भीतीचं बिल कोणी भरलं? १९७३ मध्येच मार्विन गेचं 'लेट्स गेट इट ऑन' पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्याचा विषय काही भक्तिभाव नव्हता. चित्रपटांच्या बाबतीत त्या संस्थेनं पुरुषांनाही जाब विचारला, ते योग्यच केलं. गाण्यांच्या बाबतीत मात्र प्रतिष्ठा सांभाळायचं ओझं बाईच्या डोक्यावर आलं. मी कृष्णवर्णीय, आणि माझीच वाट माझ्या माणसांनी अडवली, ही खंत बेटीनं पुढे बोलून दाखवली होती.

शिवाय तिची गाणी पूर्ण ऐकली असती तर गैरसमज टिकला नसता. पहिल्याच अल्बममध्ये 'स्टेपिन इन हर आय. मिलर शूज' आहे. ते रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या वर्तुळातल्या डेव्हन विल्सनवर लिहिलेलं. ही मुलगी शहरात आली, संगीतवाल्या पुरुषांनी तिला वापरलं, अमली पदार्थांत ती बुडाली आणि १९७१ मध्ये गेली. बेटी तिच्यावर नीतिपाठ झोडत नाही. काहीही होऊ शकली असती ही पोरगी, एवढंच ती रागानं सांगत राहते. १९७४ च्या अल्बममधलं 'डोन्ट कॉल हर नो ट्रॅम्प' तर सरळसरळ बायकांना नावं ठेवणाऱ्यांना उत्तर आहे. आणि 'अँटी लव्ह साँग'! तुझ्या प्रेमात पडले तर तू माझं काय करशील हे मला माहीत आहे, म्हणून मला ते नको. पण लक्षात ठेव, मीही तुझी तीच अवस्था करीन. प्रेमगीतात एवढी बरोबरी मी क्वचित ऐकली आहे. शरीराबद्दल लिहिते म्हणून तिला शरीरापुरतीच ठेवणं, ही चूक तेव्हाच्या विरोधकांनी केली आणि आताचे चाहतेही करतात.

निषादप्रिय

उत्तराताई, +१. आय. मिलर शूजबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटतच होतं.

घाटावरचा

मूळ मुद्द्याकडे येतो. माइल्सला बाजूला सारायची एवढी घाई का? १९६९ मध्ये तिला कोलंबियाच्या स्टुडिओत नेलं कुणी? निर्माते माइल्स आणि टिओ मसेरो. वादक हर्बी हॅनकॉक, जॉन मॅक्लॉफ्लिन, वेन शॉर्टर, लॅरी यंग, आणि हेंड्रिक्सकडचे मिच मिचेल आणि बिली कॉक्स. नवख्या गायिकेला असा ताफा जन्मात मिळत नाही. पुढे १९७३ मध्ये मायकल लँगच्या रेकॉर्ड कंपनीनं तिला करार दिला तेव्हाही तिचं आडनाव डेव्हिस होतं आणि घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. आडनाव तिनं ठेवलं. त्याचा उपयोग होता म्हणूनच ठेवलं असणार, आणि त्यात वाईट काही नाही. पण मग आपण ते पुसायला निघू नये.

निषादप्रिय

घाटावरचे, तुम्ही सांगता तो ताफा खरा, पण त्या रेकॉर्डिंगचं झालं काय? ती टेप कपाटात गेली आणि २०१६ मध्ये लोकांसमोर आली. ४७ वर्षांनी! म्हणजे माइल्सच्या स्टुडिओनं तिला त्या वेळी काहीच दिलं नाही. जे मिळालं ते तिनं सॅन फ्रान्सिस्कोकडच्या वादकांना गाठून, नव्यानं उभं केलं.

उलट दिशेनं काय गेलं तेही बघू. माइल्स तिच्यापेक्षा १८ वर्षांनी मोठा. तिनं त्याला स्लाय स्टोन ऐकवला, हेंड्रिक्सशी ओळख करून दिली, त्याचे इटालियन सूट जाऊन चामडी आणि झालरी आल्या. त्याच्या 'फी द किलिमांजारो' अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचा चेहरा आहे आणि आत तिच्या नावाची रचना आहे, 'मादमोझेल मेब्री'. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याचा 'बिचेस ब्रू' अल्बम रेकॉर्ड झाला तेव्हा जाझची दिशाच बदलली. ते सगळं बेटीनं केलं असं मी म्हणणार नाही. तो कानाचा राजा होता, टोनी विल्यम्ससारखे तरुण वादकही त्याला रॉककडे ओढत होते. पण आत्मचरित्रात माइल्सनंच तिचं ऋण मानलं आहे आणि पुढच्या मॅडोना-प्रिन्सच्या वाटेची सुरुवात तिच्यापासून झाली असंही म्हटलं आहे. देणं दोन्हीकडून होतं. लिहिताना मात्र एकाला गुरू करतात आणि दुसरीला बायको. माझी तक्रार तेवढीच आहे.

अवनी_पिट्सबर्ग

मी होमस्टेडच्या पलीकडच्या तीरावर राहते, मधे मोनोंगाहेला नदी. इथे बसून 'बेटी डेव्हिस गायब झाली' हे वाक्य वाचलं की वाईट वाटतं. ती गायब झाली नव्हती. ती घरी होती.

तिसऱ्या अल्बमनंतर काय झालं ते क्रमानं सांगते. १९७६ मध्ये लुइझियानातल्या बोगालूसाला आपल्या फंक हाउस बँडबरोबर तिनं चौथा अल्बम रेकॉर्ड केला. या बँडमध्ये तिचे नात्यातले भाऊही होते. तो बाजारात आलाच नाही. २००९ मध्ये आला. आयलंड या तिच्या रेकॉर्ड कंपनीशी संबंध संपला. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला अजून एक प्रयत्न झाला, तोही तेव्हा पडून राहिला. १९८० मध्ये वडील गेले आणि ती मोडली. मधे काही काळ जपानमध्ये राहिली, मग कायमची होमस्टेडला.

१९८० चं होमस्टेड म्हणजे काय हेही लक्षात घ्या. पोलादाचा धंदा डोळ्यांदेखत आटत होता. १९८६ मध्ये कारखाना बंद पडला. ज्या जागेवर १८९२ चा मोठा संप झाला, जिथे तिच्या वडिलांसारख्या हजारोंनी घाम गाळला, तिथे आज दुकानांची रांग आणि सिनेमागृह आहे. नदीकाठी जुन्या धुराड्यांची ओळ तेवढी ठेवली आहे. अशा गावात एक बाई साधेपणानं राहत होती आणि संगीतपत्रकारांना ती 'सापडत' नव्हती. तिशी ओलांडलेली, न खपलेली, कुठल्याच खणात न बसणारी गायिका शोधायला पोलादनगरीत जावंसं कुणाला वाटलं नाही.

निषादप्रिय, तुमच्या 'मालकी'च्या मांडणीवरही मला बोलायचं आहे. नकार देणारी बाई आपल्याला आवडते, कारण ती आपल्याला बळ देते. पण त्या नकारानंतर आली ती चाळीसेक वर्षांची मूकता. त्यात दुःख होतं, खचलेलं मन होतं, हाती पैसा कमी होता. ती सगळी वर्षं 'तत्त्वासाठी मोजलेली किंमत' या एका खात्यात टाकू नका. काही तिनं निवडलं, काही तिच्यावर आलं.

निषादप्रिय

अवनीताई, ही वर्षं लढाईसारखी रंगवू नयेत हे पटतं. पण मालकीचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण त्याचं फळ तिला जिवंतपणी दिसलं.

कसं ते सांगतो. गाण्याच्या उत्पन्नाचे दोन वाटे असतात, एक लिहिणाऱ्याचा, दुसरा प्रकाशकाचा. मोटाउनमध्ये दुसरा वाटा कंपनीच्या जोबेट या प्रकाशनसंस्थेकडे जायचा आणि गाणं पुढे कुठे, कसं वापरायचं हेही तीच ठरवायची. नव्वदच्या दशकात हिप-हॉपवाले जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलू लागले. रॅपर आइस क्यूबनं १९९० मध्येच बेटीचं 'शू-बी-डूप अँड कॉप हिम' वापरलं. ज्याच्या हाती हक्क, त्याच्या शब्दाला अशा वेळी वजन. २००७ मध्ये सिॲटलच्या लाइट इन द ॲटिक कंपनीनं पहिले दोन अल्बम तिच्या सहकार्यानं पुन्हा काढले, नंतर बाकीचे. २०१७ मध्ये फिल कॉक्सचा माहितीपट आला, त्यातही ती स्वतःच्या अटींवर बोलली. २०१९ मध्ये नवं गाणं लिहिलं, 'अ लिटल बिट हॉट टुनाइट', आणि ते स्वतः न गाता डॅनिएल मॅजिओ या अभ्यासक मैत्रिणीकडून गाऊन घेतलं. शेवटचं काम गीतकाराचं आणि निर्मातीचं. ९ फेब्रुवारी २०२२ ला, ७७ व्या वर्षी, ती होमस्टेडलाच गेली.

जुनी_तबकडी

हे सगळं वाचून तिच्याबद्दल आदर वाढतो, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. कारकीर्दीचा आदर वेगळा आणि संगीताचं मोल वेगळं. प्रभाव म्हणाल तर तोही मागून जोडलेला वाटतो. २००७ पूर्वी तिच्या रेकॉर्ड सहज मिळत नव्हत्या, मग पुढच्या पिढीनं शिकलं कुठून? आपल्याला आज जे आवडतं त्याची आजी म्हणून आपण तिला नेमलं आहे. तुम्ही 'काळाच्या पुढे' हे वाक्य खोडणार होतात, ते राहिलंच.

निषादप्रिय

रेकॉर्ड दुर्मीळ होत्या, पण वादक आणि डीजे त्या जपून होते; नाहीतर १९९० मध्ये आइस क्यूबच्या हाती ती कुठून लागली असती?

आता 'काळाच्या पुढे'. दुसऱ्या अल्बमचं शीर्षकगीत ऐका, 'दे से आय'म डिफरंट'. मुखपृष्ठावर ती परग्रहावरून आल्यासारखी सजली आहे, पण गाण्यात काय आहे? पणजी आहे, एल्मोर जेम्सच्या तालावर नाचणारी. सकाळी उठून डुकरांना खाऊ घालायचं काम आहे. जॉन ली हुकर आहे, बिग मामा थॉर्नटन आहे. लोक मला वेगळी म्हणतात, तर बघा मी कुठून आले, असं म्हणून ती नावामागून नाव घेत जाते. नॉर्थ कॅरोलिनात आजीच्या घरी ऐकलेल्या ब्लूजच्या रेकॉर्ड तिनं १९७४ च्या फंकमध्ये नावानिशी आणून बसवल्या. शरीराबद्दल उघड बोलणंही तिथलंच. मा रेनी, बेसी स्मिथ, लुसिल बोगन यांनी ते वीस-तीसच्या दशकात रेकॉर्डवर गाऊन ठेवलं होतं.

ती भविष्यातून आलेली नव्हती. मागची अख्खी परंपरा तिच्या घशात होती आणि सत्तरच्या दशकातल्या रेडिओला ती परंपरा धुऊनपुसून हवी होती. तुम्हाला खटकतो तो खरखरीत आवाज, जुनी_तबकडी, तो बिग मामा थॉर्नटनशेजारी ठेवून ऐका आणि मग सांगा उघडा पडतो का.

जुनी_तबकडी

थॉर्नटनचा आवाज खरखरीत होता आणि प्रचंड मोठाही होता. बेटीचा खरखरीत आहे, मोठा नाही. पण शीर्षकगीताबद्दलचं तुमचं म्हणणं वजनदार आहे, त्या बाजूनं मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

कट्ट्यावरची

मी बेटी डेव्हिस अजिबात ऐकलेली नाही. कुठून सुरू करू? पहिला अल्बम की दुसरा?

बेसवाला

पहिला, १९७३ चा. आणि फोनच्या स्पीकरवर नको. त्यात लॅरी ग्रॅहम अर्धा गळून पडतो.

उत्तरा_क

मी म्हणेन दुसरा. पहिल्यात वादक मोठे आहेत, दुसऱ्यात सगळे निर्णय तिचे आहेत. 'डोन्ट कॉल हर नो ट्रॅम्प' दोनदा ऐक, दुसऱ्यांदा फक्त शब्दांसाठी.